सामायिक झाडाचे फळ

मृगाच्या सरी पडू लागल्या की सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत वृक्षारोपणाचे कार्यक्रम सुरू होतात. शाळा, ग्रामपंचायती, तरुण मंडळे, महिला बचत गट यांच्याबरोबर आता आपली धर्मग्रामेही त्यात उतरली आहेत. या कार्यक्रमांना अलीकडे एक स्वागतार्ह वळण लागलेले दिसते. पूर्वी निलगिरी, सुबाभूळ, गिरिपुष्प अशी झपाट्याने वाढणारी झाडे लावली जात. आता आंबा, चिंच, जांभूळ, सीताफळ, आवळा अशी फळझाडे लावावीत, आणि तीही कोणा एकाच्या शेतात न लावता रस्त्याकडेला, गायरानात, शाळेच्या, मंदिराच्या किंवा चर्चच्या आवारात लावावीत, असा आग्रह धरला जातो.

हा आग्रह योग्यच आहे. परंतु निव्वळ सावली देणाऱ्या झाडाविषयी जो प्रश्न उद्भवत नाही, तो फळझाडाविषयी उद्भवतो. सावलीत कितीही माणसे बसली तरी ती कमी होत नाही. आंबा मात्र एकाने खाल्ला की दुसऱ्याला उरत नाही. सर्वांनी मिळून लावलेल्या झाडाचे फळ मग कोणाचे? खड्डा खणणाऱ्याचे, उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्याचे, जमिनीच्या मालकाचे, की झाडाखालून जाणाऱ्या भुकेल्याचे? प्रश्न वरवर क्षुल्लक वाटेल. पण गावातील सामायिक जीवनाची अवघी नीती त्यात सामावलेली आहे, असे आम्हांस वाटते. म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्या भागातील गावांची नावेच पाहा. चिंचणी, बोरगाव, आंबवडे, चिंचनेर, आटपाडीकडील जांभुळणी. गावाची ओळख सांगताना पूर्वजांनी धन्याच्या नावाआधी झाडाचे नाव घेतले. ते झाड वाटसरूला लांबून दिसत असेल, त्याच्या बुंध्याशी पार बांधला असेल, निवाडे झाले असतील. ते एकट्याचे असते तर साऱ्या गावाला त्याचे नाव कशाला मिळाले असते?

या दोन जिल्ह्यांचा भूगोल विलक्षण विषम आहे. महाबळेश्वरी वर्षाला सरासरी साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि तेथून एका दिवसाच्या प्रवासात गाठता येणाऱ्या माण, आटपाडी, जत या तालुक्यांत तो पाचशे मिलिमीटरच्या आसपास रेंगाळतो. या अवर्षणग्रस्त पट्ट्यातच एका महत्त्वाच्या विचाराचा जन्म झाला. तासगाव तालुक्यातील विसापूरचे सुपुत्र वि. स. पागे यांनी, काम मागेल त्याला काम देणे हे शासनाचे कर्तव्य होय असे मांडले आणि १९६५ साली तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग करून पाहिला. १९७२ च्या दुष्काळात तो विचार राज्यभर उपयोगी पडला आणि १९७७ साली त्याचा कायदा झाला. पुढे १९९० मध्ये राज्य शासनाने फळबाग लागवडीची सांगड याच रोजगार हमीशी घातली. खड्डे खणणे, रोपे लावणे, आळी करणे, पाणी घालणे या कामांची मजुरी हमी योजनेतून मिळू लागली आणि ज्या माळरानावर कुसळांखेरीज काही उगवत नव्हते तेथे डाळिंब, बोर, सीताफळ, आंबा उभा राहिला. आटपाडी व जतचे डाळिंब नावाजले गेले. फलटण तालुक्यातील धुमाळवाडी तर नानाविध फळबागांमुळे आज 'फळांचे गाव' म्हणून ओळखली जाते.

हे यश कोणीही नाकारू नये. तरीही त्याच्या पोटात दडलेली एक नैतिक गोष्ट नजरेआड करून चालणार नाही. फळबाग योजनेचा लाभ घ्यायचा तर स्वतःची जमीन हवी. ज्याच्याजवळ जमीन होती त्याला बाग मिळाली. ज्याच्याजवळ नव्हती त्याला खड्डा खणण्याची मजुरी मिळाली. मजुरी त्या आठवड्यात संपली. बाग वीस-पंचवीस वर्षे फळत राहिली. यात कोणी कोणाला फसवले असे आम्ही म्हणत नाही. कायद्याने ठरलेले दाम कष्टकऱ्याला दिले गेले. पण ज्या विचाराचा उगम भूमिहीनाच्या भुकेत होता, त्याची फळे भूमिहीनाच्या ताटात फारशी पडली नाहीत, हेही सत्य आहे. सामायिक जागेवर फळझाडे लावण्याची कल्पना इथे अर्थपूर्ण ठरते. ज्याला शेत नाही, बांध नाही, परसही नाही, अशा माणसाला हक्काने हात लावता येईल असे एखादे झाड गावात असावे, एवढीच तिच्यामागील प्रेरणा आहे.

असे सामूहिक काम आपल्याकडे होऊ शकते काय? सांगली जिल्ह्यातील सागरेश्वर हे त्याचे उत्तर आहे. यशवंतराव चव्हाणांच्या देवराष्ट्रे या जन्मगावाजवळचे हे डोंगर एकेकाळी उघडेबोडके होते. धों. म. मोहिते यांच्यासारख्या ध्येयवेड्या कार्यकर्त्याने ध्यास घेतला, लोकांना सोबत घेतले आणि माणसाच्या हातांनी तेथे वन उभे केले. १९८५ साली त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. त्याचे क्षेत्र जेमतेम पावणेअकरा चौरस किलोमीटर, म्हणजे नकाशावरचा एक ठिपका. परंतु जंगल निसर्गच देतो, माणूस ते केवळ तोडतो, हा समज त्या ठिपक्याने खोटा पाडला. ते काम एका पावसाळ्यात झाले नाही, ही गोष्ट मात्र आपण सोयीस्करपणे विसरतो.

कारण आपल्याला मोजदादीची मोठी आवड. १ जुलै २०१६ रोजी राज्यात एका दिवसात दोन कोटी झाडे लावण्याचा संकल्प सोडण्यात आला. २०१७ साठी चार कोटी, २०१८ साठी तेरा कोटी आणि २०१९ साठी तेहेतीस कोटी असे आकडे चढत गेले. पुढे २०२१ मध्ये त्या मोहिमेच्या चौकशीसाठी विधिमंडळ सदस्यांची समिती नेमण्याची वेळ आली. समितीचे काय झाले हा आमचा विषय नाही. आम्हांस खटकते ती मोजण्याची रीत. आपण लावलेली झाडे मोजतो, जगलेली मोजत नाही. केनियातील वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये खेड्यातील स्त्रियांना हाताशी धरून हरितपट्टा चळवळ सुरू केली, तेव्हा जगलेल्या रोपामागे थोडे पैसे देण्याची पद्धत त्यांनी ठेवली होती. मिशनच्या शाळांत भगिनींच्या हाताखाली शिकलेल्या या कॅथलिक विदुषीला २००४ साली शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडेही २०१८ पासूनच्या भाऊसाहेब फुंडकर फळबाग योजनेत अनुदान तीन वर्षांत विभागून आणि जगलेल्या झाडांचे प्रमाण पाहून देण्याची तरतूद आहे. लावणे ही एका सकाळची कृती असते. राखणे हे व्रत आहे, आणि व्रताला छायाचित्रकार लागत नाही.

पवित्र शास्त्राला हे पुरते ठाऊक आहे. लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात फळझाडांविषयी एक नियम आहे. झाड लावल्यावर पहिली तीन वर्षे त्याचे फळ खायचे नाही. चौथ्या वर्षीचे फळ परमेश्वराला वाहायचे. पाचव्या वर्षापासून ते लावणाराने खायचे. शेतीच्या अंगाने पाहिले तरी हा नियम शहाणपणाचा आहे, कारण कोवळ्या झाडाचा मोहोर खुडला तर ते जोमाने वाढते, हे कोणताही बागाईतदार सांगेल. नैतिक अंगाने पाहिले तर तो वाट पाहण्याचे शिक्षण देतो. आपण लावले म्हणून ते लगेच आपले होत नाही. आधी झाडाचा हक्क, मग देवाचा, मग आपला. आणि संत लूकच्या शुभवर्तमानातील त्या वांझ अंजिराचे काय? मालक तीन वर्षे फळ शोधून कंटाळला आणि झाड तोडायला निघाला. माळ्याने आणखी एक वर्षाची मुदत मागितली. आपण भोवती खणू, खत घालू, असे सांगितले. दाखला तेथेच थांबतो. झाडाला फळ आले की नाही हे प्रभू येशू सांगत नाही. जमीन मालकाची होती, परंतु झाडाची बाजू घेऊन बोलण्याचा अधिकार माळ्याला त्याच्या राबणाऱ्या हातांनी दिला होता.

राखणीचा विषय निघाला की कुंपण येते आणि कुंपणाबरोबर खरी अडचण येते. गायरानात फळझाडे लावायची तर तेथे गुरे-शेळ्यांना बंदी करावी लागते. गायरान आपल्याला 'पडीक' दिसते. पण पडीक म्हणजे कोणाचेच नाही असे नव्हे. गावातल्या विधवेच्या दोन शेळ्या त्यावर जगतात. माणदेशातील धनगर, जतकडील माडग्याळ मेंढ्यांचे कळप पाळणारा मेंढपाळ, यांचा उदरनिर्वाह अशाच जागांवर चालतो. ज्यांच्याजवळ गोठ्यात कडबा आहे ते चराईबंदीचा ठराव टाळ्या वाजवून संमत करतात आणि ज्यांच्याजवळ नाही ते मागच्या रांगेत गप्प उभे असतात. अशा वेळी गरिबांसाठी लावलेले झाड गरिबाच्याच तोंडचा घास काढून घेते. आमच्या मते सामायिक वृक्षलागवडीतील हा सर्वांत गंभीर नैतिक धोका आहे. तो हेतूच्या शुद्धतेने टळत नाही.

तो टाळण्याचा मार्ग नगर जिल्ह्यात दाखवला गेला आहे. मूळचे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी पाणलोट विकासाचे जे काम उभे केले, त्यात श्रमदानाबरोबर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी या अटी होत्याच. पण त्या लादायच्या नसत. संपूर्ण ग्रामसभेने त्या आपणहून स्वीकारायच्या असत. संमती मिळवायला लागणारा वेळ हा कामाचाच भाग मानला जाई. गायरानावर झाडे लावू पाहणाऱ्या प्रत्येक मंडळाने याचे अनुकरण करावे. आधी शेळीवालीशी बोलावे. एका वेळी सगळे गायरान बंद न करता त्याचा एक तुकडा बंद करावा, आतले गवत कापून नेण्याचा पहिला हक्क ज्यांची चराई गेली त्यांना द्यावा, रोपे शेळीच्या तोंडाबाहेर गेली की तो तुकडा खुला करून दुसरा घ्यावा. याने काम सावकाश होईल. ते सावकाशच व्हायला हवे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. झाडे जगली, वाढली, फळली, फळ कोणाचे? आज प्रचलित असलेले उत्तर म्हणजे लिलाव. ग्रामपंचायतीच्या चिंचेचा किंवा आंब्याचा बहर व्यापाऱ्याला विकावा आणि पैसा गावाच्या खात्यात जमा करावा. व्यवहार स्वच्छ आहे, भांडणे मिटतात, गावदिव्याला चार पैसे मिळतात. पण झाड एकदा लिलावात गेले की त्या हंगामापुरते ते सामायिक उरत नाही. व्यापारी राखण्या बसवतो आणि काल ज्या पोराने त्या रोपाला तांब्याने पाणी घातले, तेच आज चोर ठरते. दुसरे टोक म्हणजे काहीही नियम न करणे: ज्याच्या हाती लागेल त्याचे. तेथे दांडगा आणि लवकर उठणारा जिंकतो, कैऱ्या कोवळ्या असतानाच झोडपल्या जातात आणि म्हातारी माणसे व लहान मुली हात हलवत परततात. जे सर्वांचे ते कोणाचेच नाही, असे मग म्हटले जाते आणि एकूण कल्पनेवरच पाणी सोडले जाते.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या कोड्याचा जो उलगडा केला, तो आम्हांस आजही उपयुक्त वाटतो. वस्तूंशी माणसाचे दुहेरी नाते असते, असे ते म्हणतात. एक, त्या मिळवणे, सांभाळणे, वाटणे. याबाबतीत वैयक्तिक जबाबदारी असणे योग्य, कारण जे सर्वांवर सोपवलेले असते त्याकडे प्रत्येक जण काणाडोळा करतो. दुसरे, त्यांचा उपभोग. याबाबतीत मात्र माणसाने वस्तू केवळ स्वतःच्या न मानता सामायिक मानाव्यात आणि गरजवंताला त्यांत सहज वाटेकरी करून घ्यावे. दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने १९६५ साली आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात हीच शिकवण पुढे नेली: पृथ्वीवरील संपत्ती अखिल मानवजातीसाठी आहे. झाडाला लावून पाहिले तर याचा अर्थ सोपा होतो. राखण नेमून दिलेली असावी, फळ मात्र खुले असावे. प्रत्येक झाडाला एक घर द्यावे. त्याला पाणी, आळे, काटेरी कुंपण हे त्या घराचे काम. फळावर त्या घराचा एक मान असावा, मालकी नसावी.

फळ खुले असले तरी त्याला मर्यादा हवी. तीही शास्त्रात सापडते. अनुवादच्या पुस्तकात म्हटले आहे की, शेजाऱ्याच्या द्राक्षमळ्यात गेलास तर पोटभर खा, पण भांड्यात भरून नेऊ नकोस. त्याच पुस्तकात, जैतुनाची झाडे एकदा झोडपल्यावर उरलेल्यासाठी पुन्हा फांद्या तपासू नयेत, ते परक्याचे, अनाथाचे, विधवेचे असे सांगितले आहे. तासगावच्या द्राक्षबागाईतदाराला हा नियम पाळायला सांगणे किती कठीण आहे याची आम्हांस कल्पना आहे. औषधफवारणीचा, मजुरीचा, कर्जाचा बोजा त्याच्या डोक्यावर असतो. परंतु सामायिक झाडाच्या बाबतीत हा नियम जसाच्या तसा लागू करता येईल. खाली पडलेले फळ उचलणाऱ्याचे. झाडाखाली उभे राहून खाल्लेले फळ खाणाऱ्याचे. उतरवलेले फळ गावाचे. ते ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या माणसांसमोर उतरवावे आणि त्यातील पहिला वाटा अशा घरांना द्यावा, ज्यांच्याजवळ स्वतःचे एकही झाड नाही. ऊस तोडायला आलेल्या टोळ्यांची खोपटी गावकुसाबाहेर पडतात तेव्हा चिंचा, बोरे, आवळे झाडावर असतात. शास्त्रातील 'परका' कोण, हे शोधायला आपल्याला फार दूर जावे लागणार नाही.

मग फळे चोरणाऱ्या मुलांचे काय करावे? संत ऑगस्टीन यांनी आपल्या 'कबुलीजबाबा'त सोळाव्या वर्षी केलेल्या नाशपातीच्या चोरीला पानेच्या पाने दिली आहेत. घरी त्याहून चांगली फळे होती, भूक नव्हती. चोरलेली बहुतेक फळे त्या पोरांनी डुकरांपुढे टाकली. त्या थोर संताला आयुष्यभर सलत राहिले ते फळाचे मोल नव्हे, तर नासधुशीतला आनंद. हा विवेक आपणही करावा. भुकेने तोडलेले फळ आणि मौजेसाठी मोडलेली फांदी यांना एकच शिक्षा नसावी. अत्यंत गरजेपोटी घेतलेल्या अन्नाला अक्वायनस चोरीच म्हणत नाहीत. दुसऱ्या अपराधाला मात्र उत्तम प्रायश्चित्त म्हणजे त्या मुलाकडे एका रोपाची उन्हाळ्यातली राखण सोपवणे. ज्याने चार महिने घागरीने पाणी वाहिले, तो सहसा फांदी मोडत नाही.

राखण्यातून आपलेपणा येतो ही जाण आपल्या मातीतही जुनीच आहे. अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातील रामचंद्रपंत अमात्यांच्या 'आज्ञापत्रा'त आरमारासाठी लाकूड आणण्याचा विषय आहे. आंबा-फणसाचे लाकूड उपयोगी खरे. पण ती झाडे वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत, रयतेने ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, म्हणून त्यांना हात लावू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. एखादे झाड जीर्ण झालेच असेल तर धन्याला राजी करून, द्रव्य देऊन, त्याच्या संतोषाने तोडावे. वेढा घालताना शत्रूचीही फळझाडे तोडू नयेत अशी आज्ञा अनुवादच्या विसाव्या अध्यायात आहे. इस्राएलची रणनीती आणि मराठ्यांचे आरमार यांची भेट कधी झाली नाही, तरी दोघांना एकच गोष्ट कळली होती: फळझाडात माणसाची वर्षे गुंतलेली असतात आणि ती कोणत्याही खजिन्यातून परत करता येत नाहीत.

शेवटी एक शंका. कोयीपासून वाढवलेला रायवळ आंबा फळायला आठ-दहा वर्षे लागतात, चिंचेलाही तितकीच किंवा अधिक. साठी उलटलेल्या माणसाने चिंच का लावावी? व्यवहार म्हणेल, लावू नये. पण आपण आज ज्या चिंचेखाली उभे राहतो ती लावणाऱ्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही. पेरणारा एक आणि कापणारा दुसरा, असे प्रभू येशू संत योहानच्या शुभवर्तमानात शिष्यांना सांगतो आणि दोघांनी मिळून आनंद करावा असे सुचवतो. ज्याचे फळ आपल्याला मिळणार नाही असे झाड लावणे ही परतफेड आहे. फक्त ती मागे करता येत नाही म्हणून पुढे करायची.

या दोन जिल्ह्यांत आपण ख्रिस्ती संख्येने अत्यल्प आहोत. त्यामुळे आपल्या आवारातील झाडे आपल्यापुरती राखण्याचा मोह होतो. भिंत उंच असते आणि फाटकाला कुलूप असते. आमची सूचना अशी की, येत्या पावसाळ्यात धर्मग्रामाने लावायच्या झाडांपैकी निदान निम्मी भिंतीबाहेर, रस्त्याच्या अंगाला, ग्रामपंचायतीला विचारून लावावीत. माणमध्ये सीताफळ आणि बोर, पाटणला आंबा आणि फणस, कृष्णाकाठी जांभूळ, असा जमिनीचा कल पाहावा. संख्या थोडी असावी. प्रत्येक झाडाला एक घर नेमावे, शक्य तर एक ख्रिस्ती आणि एक शेजारचे. वर्षाच्या शेवटी, मे महिन्यात, किती जगली याचा हिशेब मिस्सानंतर वाचून दाखवावा. आणि पहिला बहर येईल तेव्हा तो कोणाच्या हाती पडतो इकडे लक्ष ठेवावे. ज्यांच्यासाठी आपण झाड लावले असे म्हणत होतो, त्यांच्या हाती तो पडला तरच लागवड पुरी झाली असे समजावे.